पाचव्या पुलापर्यंतची कॉफी

डॉक्टरांची गाडी त्या दिवशी आमच्या शेडमध्ये एका चाकावाचून उभी नसती, तर ते वेळेवर पोचले असते का?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारून पाहिला. डॉक्टरांनी चष्मा पुसला. वैनीनं चुलीत फुंकर घातली, चूल चांगली पेटलेली असताना. समोरच्या वकीलकाकांनी "असं बोलू नये" म्हटलं. हे उत्तर नव्हे. कोर्टात कुणी असं उत्तर दिलं असतं, तर काकांनीच हरकत घेतली असती.

माझा अण्णा, पंचनदराव, जाऊन दोन महिने झाले. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमची मोटारदुरुस्तीची शेड. अण्णा मिस्त्री, मी त्याचा धाकटा भाऊ. मला सगळे चिन्ना म्हणतात. तमिळमध्ये चिन्ना म्हणजे लहान. चोविसावं लागलं तरी लहानच.

माणसं अजून भेटायला येतात. पहिली पाच मिनिटं डोळे पुसतात. दुसऱ्या कॉफीला कुणीतरी म्हणतो, "पंचनदरावांचं ते आठवतं का?" मग तासभर कुणी उठत नाही. शेडच्या कोपऱ्यात सुटे नटबोल्ट साठतात तसे हे किस्से साठलेत. कुठला कशाचा ते माहीत नसतं, पण टाकून द्यायला हात धजत नाही. त्यात लोक चुकीचे सांगतात. एकानं तर माझ्यासमोर मलाच माझी चूक अण्णाची म्हणून ऐकवली. तेव्हा ठरवलं, आता मीच सांगतो.

*

आधी गाडीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

जुन्या गाड्यांची पुढची दोन चाकं एकाच जाड लोखंडी ॲक्सलला जोडलेली असायची आणि त्याच्यावर स्प्रिंगचे पाटे. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं बिचारं काही न करता तिरकं व्हायचं. आत बसलेला माणूस दोन्हीकडून हलायचा. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी नव्या गाड्या आल्या, त्यांत तो मधला ॲक्सलच नव्हता. प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणार. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक यायचं. अण्णाचं इंग्रजी सुट्या भागांच्या नावांपुरतं आणि मी चौथीतून पळालेलो. मग आम्ही पुस्तक घेऊन वकीलकाकांच्या ओट्यावर गेलो.

काकांचा सगळा धंदा भावाभावांच्या वाटण्यांचा. त्यांनी पान उलटलं आणि वाचलं, "इंडिपेंडंट फ्रंट सस्पेन्शन."

"म्हणजे काय, काका?"

"पुढची चाकं स्वतंत्र झाली. एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही."

"म्हणजे भाऊबंदकी," अण्णा म्हणाला.

"वाटणी म्हण. वाटणी झाली की दोघंही सुखात राहतात."

अण्णानं थोडा विचार केला. "आणि मधला ॲक्सल? तो कुणाला गेला?"

काकांनी पुस्तक मिटलं. "तो वकिलाला."

*

सस्पेन्शन या शब्दानं आमच्या गावात एकदाच दंगा केला, पण व्यवस्थित केला.

एका तहसीलदारांच्या गाडीच्या पुढच्या चाकांचं काम आमच्याकडे होतं. सुटे भाग मद्रासहून यायचे होते. महिनाभर साहेब रोज शिपाई पाठवून विचारत. शेवटी पार्सल आलं. अण्णा सायकलवरून कचेरीत गेला. साहेब मिटिंगमध्ये होते, म्हणून शिपायाला सांगितलं, "साहेबांना निरोप दे. मद्रासहून सस्पेन्शन आलंय."

अण्णा सरळ माणूस. निरोप दिला आणि परत आला.

संध्याकाळपर्यंत साहेबांच्या घरी बायको रडत होती, सासरे कुंभकोणमहून यायला निघाले होते, आणि कचेरीतल्या एका हेडक्लार्कनं साहेबांच्या खुर्चीत बसून उंची बरोबर आहे का ते पाहिलं होतं. आणखी दोघांनी मिळून हारही सांगितला होता. निरोपाचा की आनंदाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

साहेब शेडमध्ये आले तेव्हा आम्हाला वाटलं, आता आम्ही गेलो. ते शांतपणे म्हणाले, "पंचनदराव, पुढच्या वेळी नुसतं स्प्रिंग म्हणा."

अण्णानं हात जोडले.

"आणि आभारी आहे," साहेब म्हणाले. "कचेरीत कोण माझं आहे ते पंधरा वर्षांत कळलं नव्हतं."

त्या आठवड्यात तिघांच्या बदल्या झाल्या. गाडी मात्र अगदी मऊ चालली.

*

नव्या गाडीत चाक ज्या खिळ्यावर वळतं त्याला किंगपिन म्हणतात. नाव राजाचं, पण दर हजार मैलांनी ग्रीस मागणार. ग्रीस दिलं नाही की करकरणार. सुधारणा ही अशी असते. जुन्या गाडीला जेवढं दुखणं होतं तेवढंच नवीला, फक्त ते सांगायला पुस्तक लागतं.

वेण्णारु नदीकडचे एक मिरासदार होते. दोनशे नारळाची झाडं, शेत दिसेल तिथपर्यंत, आणि नवी गाडी. अण्णानं त्यांना ग्रीसचा डबा दाखवला. त्यांनी वास घेतला आणि विचारलं, "यात चरबी कसली?"

"खनिज तेलाची असते, सामी."

"तुम्ही पाहिलीत का काढताना?"

अण्णानं पाहिली नव्हती. मिरासदार डबा न घेता गेले. दोन महिन्यांनी गाडी आली ती आवाज करतच. गल्लीतली कुत्री बाजूला झाली.

"ग्रीस दिलं का, सामी?"

"तेल दिलं. तिळाचं. दर शनिवारी, आम्ही घेतो तसं, पहाटे."

"मग करकरते कशी?" अण्णा खाली वाकला. किंगपिनवर करड्या रंगाचा जाड थर होता. त्यानं बोटानं खरवडला, वास घेतला आणि हळूच वर पाहिलं. "सामी, तेल लावल्यावर आणखी काही?"

"तेल लावलं की शिकेकाई नको? तशीच ठेवायची काय गाडी?"

अण्णा जमिनीवर बसला. बराच वेळ उठला नाही.

*

आता माझी चूक. हीच ती, जी लोक अण्णाच्या नावावर घालतात.

आमच्याकडे उजव्या-डाव्याला साधी नावं नाहीत. शेडमध्ये सगळे तमिळ शब्द वापरायचे. उजवा तो सोत्तांगै, म्हणजे भाताचा हात. डावा तो पीच्चांगै, म्हणजे धुण्याचा हात. काय धुण्याचा ते सांगत नाही. अण्णा एकदा एका हेडमास्तरांना सगळ्यांसमोर म्हणाला होता, "सर, तुमची पीच्चांगै बाजू ढिली झालीय." सरांनी पुन्हा आमच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

मिरासदारांच्या गाडीला पुढे कॉइलची स्प्रिंग नव्हती. गाडीखालून लांब पोलादी दांडे जातात, दोन चाकांना दोन. टॉर्शन बार. चाक वर गेलं की दांडा पिळला जातो, आणि पिळलेला दांडा चाकाला परत खाली ढकलतो. मला हे फार आवडलं होतं. यात अट एकच. सोत्तांगैचा दांडा जन्मभर सोत्तांगैला. त्याला एकाच दिशेनं पिळायची सवय झालेली असते. बाजू बदलली की तो हळूहळू मान टाकतो.

अण्णा बाहेरून ओरडला, "खूण केलेला दांडा सोत्तांगैला बसव."

मी बसवला. माझं एवढंच की मी डावखुरा. आई होती तोवर हातावर मारून उजव्यानं जेवायला लावायची. ती गेल्यापासून मी डाव्यानंच जेवायचो. माझा भाताचा हात तो. त्या बाजूला दांडा बसवला.

आठ दिवसांनी मिरासदार आले, फार खुशीत. "पंचनदराव, चमत्कार आहे. मोठ्या देवळासमोर गाडी उभी केली की पुढून वाकते. नमस्कार करते."

अण्णानं विचारलं, "कलेक्टर कचेरीसमोर वाकते का?"

"तिथेही वाकते."

"घरासमोर?"

"घरासमोर तर फारच."

अण्णा माझ्याकडे वळला. दांडे काढले, मद्रासहून नवे मागवले, स्वतः बसवले. मग देवळातून एक काळा दोरा आणून माझ्या डाव्या मनगटाला बांधला. "हा पीच्चांगै. विसरलास तर मनगट बघ. आणि आजपासून गाडीच्या पुढच्या अंगाला हात लावायचा नाही. ब्रेक कर, क्लच कर, टायर कर. पुढचं अंग माझं."

मिरासदारांना मात्र वाईट वाटलं. गाडी पहिल्यासारखी ताठ उभी राहायला लागली तेव्हा म्हणाले, "भक्ती गेली हो तिची."

*

पुढचं काम नीट झालं की नाही, ते बघायची अण्णाची परीक्षा होती. पुस्तकात नाही ती.

वैनीकडून पितळी टंबलर भरून कॉफी घ्यायची, काठापासून एक बोट खाली, साखर कमी. टंबलर डबऱ्यात, म्हणजे त्याच्याखालच्या पसरट वाटीत, आणि डबरा स्टिअरिंगच्या पुढे काचेखालच्या पट्टीवर. मग तिरुवैयारुच्या रस्त्याला लागायचं. वाटेत पाच नद्या, पाच पूल. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. प्रत्येक पुलाच्या तोंडाशी रस्ता खचलेला. ब्रेक लावायचा नाही. डबऱ्यात एक थेंब पडला तरी काम नापास.

पाचवा पूल पार झाला की घाटावर बसून अण्णा ती कॉफी पिणार, असं ठरलेलं होतं.

त्यानं ती कधी प्यायली नाही. दहा-अकरा वर्षांत किती गाड्या झाल्या, कॉफी नेहमी सांडायची. कधी दुसऱ्याला, कधी तिसऱ्याला. दोनदा चार पूल पार केले आणि कावेरीनं घात केला.

"आपलं नाव पंचनदराव आणि पाचवी नदी आपल्यालाच पार होत नाही," मी म्हटलं.

"काम बरोबर आहे. पूल वाकडा आहे."

"दर वेळी पूल कसा वाकडा?"

"सरकारी आहे. एकदा वाकडा झाला की तसाच राहतो." मग टंबलर माझ्यापुढे सरकवायचा. "घे. सांडलेली मी पीत नाही."

म्हणून दहा-अकरा वर्षं घाटावर बसून गार कॉफी मी प्यायलो. मला तर साखर जास्त लागते.

*

यंदा उन्हाळ्यात मद्रासहून सुट्या भागांचा एक एजंट आला. पँटला इस्त्री, हातात रंगीत पुस्तक. म्हणाला, परदेशात आता किंगपिन बंद. खोबणीत एक गोळी बसवतात, चाक तिच्यावर वळतंही आणि वर-खालीही होतं. बॉल जॉइंट.

"ग्रीस?" अण्णानं विचारलं.

"नको. आत भरूनच येतं. लाइफलाँग. आयुष्यभर."

"कुणाच्या?"

"म्हणजे?"

"आयुष्यभर म्हणजे कुणाच्या? गाडीच्या, गिऱ्हाइकाच्या की मिस्त्रीच्या?"

एजंटानं पुस्तक मागून पुढून चाळलं. "तेवढं यात दिलेलं नाही, सार."

आम्ही फार हसलो त्या दिवशी. एजंटसुद्धा हसला. जाताना पुस्तक ठेवून गेला. ते अजून खिळ्याला लटकतं.

*

पुढच्याच महिन्यात डॉक्टरांची गाडी आली. पुढचे रबराचे बुश बाद, दोन्ही दांडे उतरवून सगळं नव्यानं बसवायचं होतं. अण्णानं उजवी बाजू पुरी केली. डाव्या बाजूचं चाक काढलं आणि त्या दुपारी त्याला ताप भरला.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या उशाशी बसून म्हटलं, "अण्णा, डावी बाजू मी करतो. डॉक्टर घोड्याच्या जटक्यानं फिरतायत."

अण्णा डोळे मिटून होता. म्हणाला, "आधी मिरासदारांना विचार."

मी हसलो. तोही हसला, मग खोकला. "परवा उठतो मी. हात लावू नकोस."

मी लावला नाही. जन्मात एकदा मी सांगितलेलं ऐकलं, ते हे.

पाचव्या दिवशी सकाळी त्याला माणूस ओळखेना. मी सायकलवर डॉक्टरांकडे गेलो. ते लगेच निघाले, बॅग घेऊन, जटक्यात. घोडा म्हातारा. मी सायकलवर पुढे, मागे वळून बघतोय, घोडा आपला देवळाच्या उत्सवाला निघाल्यासारखा. रेल्वेचं फाटक पडलं. माझ्यामागे पडलं, त्यांच्यापुढे. मालगाडी होती.

ते आले तेव्हा वैनीनं अण्णाचे पाय सरळ केले होते.

नंतर मी तो प्रश्न विचारला. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "चिन्ना, फाटक तर मोटारीलाही बंदच असतं."

"मी फाटकाचं विचारत नाहीये."

त्यांनी चष्मा पुन्हा पुसला.

लोक येऊन मला सांगतात, "तुला शॉक बसला असेल." गाडीला चार शॉक अब्सॉर्बर असतात, हे मी त्यांना सांगत नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. डोक्याचा गोटा, अंगावर ओलं धोतर. अण्णाला मूल नाही, म्हणून सगळं मीच करत होतो. ओट्यावरून वकीलकाका म्हणाले, "चिन्ना, सुतकात हत्याराला हात लावू नये."

"अण्णानंही लावू नको म्हटलं होतं," मी म्हटलं.

काका ओट्यावरून उतरले. मला वाटलं, ओढून नेणार. त्यांनी खिळ्यावरचं जुनं इंग्रजी पुस्तक काढलं, उलट्या बादलीवर बसले आणि पान शोधून वाचायला लागले. मी मनगटावरचा दोरा बघितला. दांड्याच्या टोकाची खूण बघितली. पुन्हा दोरा बघितला. दांडा बसवला. अण्णाची एक वेताची काडी होती, गाडीची उंची मोजायची, तिच्यावर चाकूची खूण. उजवीकडे लावली. तिथे त्याचं काम, खुणेला खूण. डावीकडे एक बोट कमी. पुन्हा खोललं. अर्धं बोट जास्त. पुन्हा खोललं. दिवेलागणीला काडी दोन्हीकडे सारखी उभी राहिली.

काकांनी पुस्तक मिटलं. "झाली वाटणी," म्हणाले, आणि मान फिरवून नाक शिंकरलं.

तिसऱ्या दिवशी अस्थी तिरुवैयारुला न्यायच्या होत्या. डॉक्टर म्हणाले, माझीच गाडी ने. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. "वैनी, एक टंबलर कॉफी."

कुणासाठी ते तिनं विचारलं नाही. शेजारणीनं आणून ठेवलेल्या भांड्यातून ओतली आणि साखरेच्या डब्यातला चमचा काठावर टेकवून अर्धा परत डब्यात टाकला.

अस्थींचं मडकं माझ्या शेजारच्या सीटवर, फडक्यात बांधून. मागे काका आणि भटजी. टंबलर काचेखाली. भटजी म्हणाले, "हे काय?"

काका म्हणाले, "गप्प बसा आणि हलू नका."

वडवारु पार झाला. वेण्णारुला चाक खाली गेलं आणि वर आलं. वेट्टारु. कुडमुरुट्टीच्या अलीकडे एक बैल मधे आला, मी ब्रेक लावला नाही, बैल बाजूला झाला. कावेरीच्या पुलाशी मागे भटजींनी मंत्र सुरू केला. काकांनी त्यांचा हात धरला.

घाटावर गाडी उभी केली. काकांनी पुढे वाकून डबऱ्यात बोट फिरवलं आणि मला दाखवलं. कोरडं.

पाण्यात उतरून भटजी सांगतील तसं सगळं केलं. राख उजव्या हातानं सोडली, तीळ उजव्या हातानं, पाणी उजव्या हातानं. मग पायरीवर आणून ठेवलेला टंबलर उचलला.

"अरे, काय हे? कॉफी?" भटजी म्हणाले. "कुठल्या शास्त्रात बसतं हे?"

"साखर कमी आहे," मी म्हटलं.

"चिन्ना, निदान सोत्तांगैनं. भाताच्या हातानं रे."

मी दोरा बांधलेला हात पुढे केला आणि कॉफी कावेरीत ओतली.